जुनी क्रूझर मोटारसायकल घेताना : आधी नाव, मग यंत्र



झरी जामणी तालुक्यातील एका वाचक बंधूंनी या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. त्यांचे किराणा व कृषी साहित्याचे दुकान आहे. चिरंजीव बी.कॉम. होऊन दुकानी बसू लागले आहेत. वसुली आणि खरेदी यांसाठी मुकुटबन, वणी, पांढरकवडा अशी त्यांची फेरी असते. अधूनमधून भद्रावतीस पार्श्वनाथांच्या दर्शनालाही जाणे होते. चिरंजीवांना क्रूझर पद्धतीची मोटारसायकल हवी आहे. नवी घेण्यास वडील राजी नाहीत, म्हणून जुनी पाहणे चालू आहे. आदिलाबादकडची एक गाडी ‘फारच स्वस्तात’ मिळत असून मध्यस्थाने सही केलेले कोरे फॉर्मही दाखविले आहेत. घ्यावी काय, असा प्रश्न आहे.

बँकेत असताना वाहनकर्जाची कागदपत्रे माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली. त्यावरून बनलेले मत आधी सांगतो. जुने वाहन घेताना आपण दोन वस्तू विकत घेत असतो : एक यंत्र आणि दुसरा त्यावरील हक्क. यंत्रातील दोष पैसे खर्चून दुरुस्त होतात. हक्कातील दोष मात्र पैसे देऊनही पुष्कळदा निघत नाहीत. तरी घरोघरी चर्चा होते ती यंत्राचीच, कारण ते डोळ्यांना दिसते.

हक्काकडे वळण्यापूर्वी ही गाडी आपल्या उपयोगाची आहे काय, हे पाहून घेऊ. क्रूझर म्हणजे बुटक्या आसनाची, लांब अंगाची, रुंद हँडलची आणि पाय पुढे ठेवून बसावयाची मोटारसायकल. आपल्याकडे २००१ च्या सुमारास कावासाकी-बजाजची एलिमिनेटर आली, पुढे २००५ पासून बजाजची ॲव्हेंजर. रॉयल एनफील्डची थंडरबर्ड २००२ पासून आणि तिच्या जागी नोव्हेंबर २०२० मध्ये मेटिओर ३५०. विदर्भाच्या जुन्या बाजारात क्रूझर म्हणून पाहावयास मिळतात त्या बहुधा ॲव्हेंजर, थंडरबर्ड आणि मेटिओर. मेटिओरचे वजन सुमारे १९१ किलो आहे. महामार्गावर हे वजन सुखाचे वाटते. मात्र आठवडी बाजाराच्या गर्दीत गाडी वळविताना, किंवा पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून शेतकऱ्याच्या घरी वसुलीस जाताना, तेच वजन अंगावर येते. लांब चाकांतर आणि कमी उंची यांमुळे गावातील उंच गतिरोधकांवर तळ घासण्याची शक्यताही असते. ज्याची फेरी मुख्यतः डांबरी रस्त्यावरची आहे त्यानेच या गाडीचा विचार करावा. ज्याला रोज पोते बांधून न्यावयाचे आहे त्याला शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी बरी. तरुणांना हे रुचणार नाही, पण लिहिणे भाग आहे.

आता किमतीविषयी. विकणारा बहुधा ‘मी शोरूममध्ये इतके मोजले होते’ येथून बोलणी सुरू करतो. ती किंमत आता निरुपयोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह दोन लाखांना मिळणारी गाडी, कंपनीने मूळ भाव तोच ठेवला तर, १,८४,३७५ रुपयांना पडते. म्हणजे नवी गाडीच पावणेआठ टक्क्यांहून अधिक उतरली आहे. जुनीने त्याच प्रमाणात उतरावयास हवे. मेटिओर ३४९ सीसीची, ॲव्हेंजर त्याहून लहान, म्हणून दोन्ही या सवलतीत येतात. थंडरबर्ड ५०० सारख्या ३५० सीसीवरील गाड्यांच्या वर्गाला मात्र ४० टक्के दर लागला. तेथे हे गणित चालत नाही.

बोलणीसाठी दुसरा आधार विमापत्रात असतो. त्यात ‘आयडीव्ही’ म्हणून वाहनाचे विमा-मूल्य लिहिलेले असते. ते कंपनीच्या विक्रीमूल्यातून वयानुसार घसारा वजा करून ठरते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. हा बाजारभाव नव्हे. पण मागितलेली किंमत त्याच्या फार वर असेल तर विक्रेत्याने कारण सांगितले पाहिजे, आणि फार खाली असेल तर ते कारण आपण शोधले पाहिजे. झरीच्या बंधूंच्या बाबतीत ते शोधावे लागणार नाही; नंबरप्लेटच ते सांगते.

एपी-०१, टीएस-०१ किंवा २०२४ नंतरची टीजी-०१ अशी आदिलाबादची पाटी असलेल्या गाड्या पैनगंगेच्या अलीकडे सर्रास दिसतात. पाहुणे, व्यापारी, मजूर यांची रोजची ये-जा असते, त्यात गैर काही नाही. परंतु तीच गाडी महाराष्ट्रातील माणसाने विकत घेऊन येथेच वापरावयाची, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे राहणार असेल तर येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रस्ता-कर वाहनाच्या वयानुसार भरावा लागतो. हा कर, दोन कार्यालयांच्या फेऱ्या आणि लागणारा वेळ हे सारे किमतीत मिळवून पाहावे. मग ‘फारच स्वस्त’ गाडी यवतमाळच्या एमएच-२९ किंवा चंद्रपूरच्या एमएच-३४ क्रमांकाच्या गाडीच्या आसपास येऊन बसते. ‘तशीच चालवा, कोण विचारतो?’ असे मध्यस्थ सांगतो तेव्हा तो स्वस्ताई विकत नसून जोखीम विकत असतो.

येथे आपल्या घरातील एका विषयाची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, आणि दोन्ही संप्रदायांतील पाठशाळांतून ते मुलांना शिकविले जातात. चोरून आणलेली वस्तू घेणे हा त्यांतील एक, तदाहृतादान. राज्याच्या नियमाचे उल्लंघन करून व्यवहार करणे हा दुसरा, विरुद्धराज्यातिक्रम. खोटी मापे वापरणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान, आणि हलक्या वस्तूस चांगल्या वस्तूचे रूप देऊन विकणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार. जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात फिरताना हे चारही भेटतात. चेसिस क्रमांक घासलेली गाडी, कर चुकवून सीमेअलीकडे वापरलेली गाडी, मागे फिरविलेला किलोमीटरचा काटा आणि अपघातानंतर रंग मारून चकचकीत केलेली टाकी. आपल्या घराण्यांनी तराजूची पत पिढ्यान्‌पिढ्या राखली. वाहन घेताना ती बाजूस ठेवण्याचे कारण नाही.

कोऱ्या फॉर्मांबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. नाव-हस्तांतरणासाठी नमुना २९ व नमुना ३० लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळविले पाहिजे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. प्रत्यक्षात काय होते? पहिला मालक कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देतो, गाडी दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते, आणि नोंदवहीत नाव पहिल्याचेच राहते. शेवटच्या माणसाने नाव चढवावयास जावे तर सही जुळत नाही, पहिला मालक गाव सोडून गेलेला असतो, क्वचित हयातही नसतो. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावे नोंद (नमुना ३१) व्हावी लागते. ‘बाबांची गाडी आहे, मी सही करतो’ हे चालत नाही.

याची दुसरी बाजू विकणाऱ्यासाठी आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण कधी ना कधी विकणारे असतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला. नोंदणीकृत मालकाने विकलेली मोटार पुढे एकापाठोपाठ एक हातांत गेली होती. नोंदवहीत नाव मात्र त्याचेच राहिले होते. मग अपघात झाला. कायद्याच्या दृष्टीने नोंदीत ज्याचे नाव तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे न्यायालयाने म्हटले. विक्रीची चिठ्ठी खिशात असून भागत नाही. ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी गाडी ‘देऊन टाकली’ आहे त्यांनी एम-परिवहन ॲपवर आपला जुना क्रमांक टाकून आज नाव कोणाचे दिसते ते अवश्य पाहावे.

घेणाऱ्यानेही हीच पाहणी गाडी बघावयास जाण्यापूर्वी करावी. क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विमा व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत आणि बोजा आहे काय, हे दिसते. दंडाच्या ई-चलनांची थकबाकी निराळी पाहावी. बोजाच्या बाबतीत मला वारंवार आढळलेली गोष्ट अशी की, हप्ते संपून वर्षे लोटली तरी आरसीवरील बँकेचे किंवा वित्तकंपनीचे नाव तसेच असते. कर्ज फिटले म्हणून नोंद आपोआप उतरत नाही. धनकोचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन ती उतरवावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याने इसार घेण्यापूर्वी करून दिले पाहिजे. ‘नंतर करून देतो’ यावर पैसे देऊ नयेत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, हेही ध्यानी घ्यावे : २०१२ ची ॲव्हेंजर घेणाऱ्यास २०२७ मध्ये तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल.

मध्यस्थाऐवजी जुन्या वाहनांच्या दुकानदाराकडून घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत विक्रेत्यास गाडी ताब्यात घेतल्याची माहिती कार्यालयास द्यावी लागते आणि मधल्या काळात तोच मालक मानला जातो. अधिकारपत्र विचारताच जो विषय बदलतो त्याच्याकडे फार वेळ थांबू नये.

कागद नीट असतील तरच यंत्राकडे जावे. जाताना ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. विकणाऱ्याने सुचविलेला मिस्त्री नको. वेळ सकाळची. आपल्याकडे सूर्यास्तानंतर जेवण वर्ज्य, तसे गाडी पाहणेही वर्ज्य समजावे. दिव्याच्या उजेडात रंगाची तफावत आणि फोर्कचा बाक दिसत नाही.

आदल्या दिवशी विक्रेत्यास सांगावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर प्रथम इंजिनास हात लावून पाहावा. ते गरम असेल तर थंड इंजिनाचा दोष झाकण्याचा प्रयत्न असू शकतो. चहा घ्यावा, तासभर थांबावे. मेटिओर आणि ॲव्हेंजर २२० यांना किक नाही, म्हणजे बॅटरी गेली की गाडी ढकलावी लागते. थंड इंजिन एक-दोन प्रयत्नांत सुरू झाले पाहिजे. धुराकडे लक्ष द्यावे : निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहे, आणि हा खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे, तो दोष किरकोळ असू शकतो. सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर काळजी नाही. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांची ही खूण आहे.

पुढचा फोर्क हा क्रूझरचा नाजूक भाग. तो तिरका आणि लांब असतो; समोरून धडक बसली की तोच वाकतो. दोन्ही नळ्यांवरून अंगठा फिरवावा : गंजाचे खड्डे नकोत, ऑईलचा ओघळ नको. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे वाटले तर कोन-सेट गेला आहे. हँडल ज्या ठिकाणी चेसिसला टेकते तेथील लोखंड चेपलेले आहे काय, जोडावर नवा रंग किंवा नवे वेल्डिंग आहे काय, हे निरखावे. नंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर मध्यम वेगाने चालवून पकड हलकी करून पाहावी, पण हात हँडलवरच असू द्यावेत. गाडी एका बाजूस ओढली जात असेल तर सौदा तेथेच थांबवावा. फोर्क बदलता येतो. वाकलेली चेसिस सरळ झाली असे सांगणारे पुष्कळ असतात, माझा त्यावर विश्वास नाही.

काट्यावरील किलोमीटर इतर वस्तूंशी ताडून पाहावेत. काटा बारा हजार दाखवितो, पण पायदानाचे रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलची कडा झिजलेली आणि आसन खचलेले. मग काटा खोटा. टायरच्या बाजूस चार अंकी शिक्का असतो, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीवर तेच टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेले असते आणि नवी जोडी आपल्या खर्चात धरावी. चेन मागच्या चक्राच्या टोकाशी धरून मागे ओढावी. दाता अर्धा उघडा पडत असेल तर चेन-सेट संपला. ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरविल्यास कडेला धार लागता कामा नये. तारेची चाके असतील तर तारा एकेक वाजवून पाहाव्यात, सैल तारेचा आवाज बद्द येतो.

आपल्या भागासाठी एक विशेष सूचना. वणी-मुकुटबन परिसरात कोळसा, चुनखडी आणि सिमेंट यांची अवजड वाहतूक चालते. या धुळीत चाललेल्या गाडीचा एअर-फिल्टर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. फिल्टर वर्षानुवर्षे बदलला नसेल तर ती धूळ सिलिंडरपर्यंत गेली असे समजावे. टाकीत टॉर्चचा प्रकाश टाकून गंजही पाहावा. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते, आणि उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची टाकी व रबरी नळ्या त्याने खराब होतात.

मॉडेल ठरविताना दोन तारखा हाताशी ठेवाव्यात. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाले, आणि बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. हजार-दोन हजारांच्या फरकासाठी एबीएस नसलेली गाडी घेऊ नये. इतके वजन ओल्या रस्त्यावर थांबवावयाचे आहे. मेटिओर घेणाऱ्यांसाठी आणखी एक : डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या मेटिओर, त्याच सुमाराच्या क्लासिक व बुलेटसह, एकूण २,३६,९६६ गाड्या कंपनीने मे २०२१ मध्ये इग्निशन-कॉइलच्या दोषासाठी तपासणीस परत बोलाविल्या होत्या. त्या महिन्यांतील गाडी असेल तर चेसिस क्रमांक देऊन तपासणी झाली की नाही, हे अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारावे.

मालकाने जोडलेल्या वस्तूंचे पैसे देऊ नयेत. कर्णकर्कश सायलेन्सर हा नियमभंग आहे. मूळचा सायलेन्सर मिळत नसेल तर त्याची किंमत कापून घ्यावी. बाजूच्या पिशव्या आणि आसनावरील आच्छादन खऱ्या चामड्याचे आहे की रेक्झिनचे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. मिस्त्रीने काढलेल्या दुरुस्त्यांचा आकडा, टायर, चेन-सेट, बॅटरी, हस्तांतरण व विमा ही बेरीज करून ती ठरलेल्या भावातून वजा मागावी. व्यापाऱ्याच्या मुलास हे शिकविण्याची गरज नाही, पण आवडत्या गाडीसमोर तो ते विसरतो.

विम्याबाबत पुष्कळांचा गैरसमज असतो. नाव बदलले की विमाही आपल्याकडे आला असे वाटते. कलम १५७ नुसार त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा घेणाऱ्याकडे आला असे मानले जाते. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र विमापत्र नावावर केल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमाकंपनीकडे अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. हप्त्यात तेवढा फरक भरावा लागतो.

पैसे बँकेमार्फत द्यावेत. दुकानाच्या नावे गाडी घेऊन घसारा दाखवावयाचा असेल तर एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिलेली रक्कम किमतीत धरली जात नाही. इसार थोडा द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. मुख्य रक्कम आरसी, विमापत्र, प्रदूषण प्रमाणपत्र, दोन्ही किल्ल्या आणि भरलेले, कोरे नव्हेत असे, सहीचे नमुने हाती आल्यावर. चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी अक्षर न्‌ अक्षर स्वतः जुळवून पाहावेत. शक्य तेथे किमतीचा दहावा हिस्सा नाव चढेपर्यंत रोखून ठेवावा, आणि तसे दोघांच्या सहीने लिहावे. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही, कारण नाव लवकर उतरण्यात त्याचेही हित आहे. ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळही घालावी, उदाहरणार्थ सकाळी ११ वाजून २० मिनिटे. त्या दिवशी दहा वाजता झालेला अपघात किंवा लागलेला दंड कोणाचा, हा प्रश्न मग उद्भवत नाही.

झरीच्या बंधूंनी आदिलाबादच्या गाडीचा क्रमांकही कळविला आहे. ॲपवर तिची नोंद पाहिली. बोजा उतरलेला नाही आणि विमाही संपला आहे. मध्यस्थास त्यांनी नमुना ३५ आणि ना-हरकत प्रमाणपत्र मागावे, आणि ती मिळेपर्यंत यवतमाळ-चंद्रपूरकडील एमएच क्रमांकाच्या आणखी दोन गाड्या चिरंजीवांना पाहून घेऊ द्याव्यात.